देवाच्या मेंढ्याचं कातडं

अरे सरका, सरका तिकडं, बसू द्या. फकिरा, तू बी सरक. गंगापूरची शाळा सुटली तवापासून तुमचं दोघांचं तोंड दिसलं नाय, आन् आज घावले ते शहागंजात, माझ्या हातात डबा असताना. डबा सोनाजीमामाचा हाय, बानाआत्याच्या मालकाचा. मोठ्या दवाखान्यात खाटेवर हाय तो, पण घाबरू नका, आता बरा हाय. सकाळीच नर्सबाईला म्हणत व्हता, बाई, तुमची डाळ म्हंजी मेंढरं धुतल्यावर उरतं ते पाणी. जो माणूस डाळीला नावं ठेवतो तो काय मरत नसतो.

काय झालं म्हणून काय इचारता, तेच तर सांगायला बसलो. छातीत मावंना झालंय मला. सांडू, चहा सांग, आन् मधी बोलू नको.

तर मी आता फर्दापूरच्या नाक्यावर असतो. नोकरीला. हसू नको, बिल्ला हाय माझ्याकडं, पितळी, हे बघ. तुमी तिकडं कधी गेले नाय म्हणून सांगतो. अजिंठ्याचा घाट उतरला की खाली फर्दापूर, आन् तिथनं जरा पुढं गेलं की आपली हद्द संपती, मुंबईवाल्यांचं खानदेश लागतं. निजामाच्या टायमाला तिथं कारोडगिरीवाले बसायचे, मालावर जकात घ्यायचे. पोलिस ॲक्शन झाली, निजाम गेला, कारोडगिरीवाले बी उठले, खोली रिकामी पडली. त्या खोलीत आता आमचं खातं बसतं, सलोत्रीचं. सलोत्री म्हंजी जनावराचा डॉक्टर. खानदेशातून वर येणारं कातडं, हाडं, शिंगं, लोकर, सगळं खाली उतरवून बघायचं. कातड्यावर तिकडच्या डॉक्टरचा शिक्का असला तर सोडायचं, नसला तर ठेवून घ्यायचं. जनावर मरतं पण रोग कातड्यात जिता राहतो, बरं का. आमचे वाजिदसाहेब म्हणतात, आजारी बैल घाट चढू शकत नाय, पण त्याची बीमारी गठुड्यात बसून आरामात वर येती.

वाजिदसाहेब हेच आमचे सलोत्री. हैदराबादचे हायेत, पोलिस ॲक्शन झाली तवा त्यांचे भाऊबंद कराचीला गेले, हे गेले नाय. म्हणतात, उधर मेरे जानवरां कौन देखता? मला पहिल्याच दिवशी जवळ बसवलं आन् म्हणले, "मल्हारी, तुम धनगर के बच्चे हो ना? अच्छा हाय. तुमच्या लोकांचं सामान तुमीच बघायचं. पण आपल्या माणसाला हौ म्हणनं सोपं, नक्को म्हणनं लई मुश्किल." मी म्हणलं, साहेब, त्यात काय मुश्किल. मला काय ठावं, ते नक्को मला पहिल्यांदा आत्यालाच म्हणावं लागंल.

बानाआत्या माझ्या बापाची थोरली बहीण. माझी माय मी अंगावर असतानाच गेली, मला आत्यानं वाढवलं. सगळा वाडा म्हणत व्हता की धनगराच्या पोराला शाळा कशाला, मेंढरं काय उजळणी म्हणतात का, तरी तिनं मला गंगापूरला तुमच्या बाकावर आणून बसवलं. वाडा म्हंजी दगड-विटांचा नव्हं रे फकिरा, आमचा मेंढरांचा तळ, माणसं-घोडी-कुत्री सगळं मिळून. दिवाळी झाली की वाडा खानदेशात उतरतो चाऱ्यासाठी, आन् बिरोबाच्या जत्रेला वर येतो.

आता इथून नीट ऐका, खरी गोष्ट इथं हाय. अजिंठ्याच्या वरल्या माळावर आमच्या बिरोबाचं ठाणं हाय. जत्रेला सगळ्या वाड्यांचे ढोल येतात, पण पहिलं टिपरू, म्हंजी ढोल वाजवायची काठी, पडतं ते आत्याच्या घरच्या ढोलावर. तिच्या आजेसासऱ्यापासूनचा मान हाय तो. पण त्या ढोलाला बाजारचं कातडं चालत नाय. देवाला सोडलेला मेंढा असतो, त्याला कापत नाय, इकत नाय, तो आपल्या मरणानं मेला की त्याचंच कातडं त्या ढोलावर चढतं. ते पुरायचं नाय, टाकायचं नाय, दुसऱ्याला द्यायचं नाय. आन् ज्या साली ढोल उघडा राहिला त्या साली मान जातो धुळाजीच्या घरात. गेला की गेला, फिरून मागता येत नाय. धुळाजी म्हंजी पलीकडच्या वाड्याचा म्होरक्या. त्याचा बाप टपून बसलता, त्याचा आजा टपून बसलता, तो बी टपून हाय. आन् ह्या पावसाळ्यात आत्याच्या ढोलाचं कातडं मधोमध फाटलं.

तर जत्रेच्या आदला दिवस. दुपारची येळ. साहेब सोयगावाकडं जनावरं टोचायला गेलते, जमादार जेवायला. नाक्यावर मी एकटा. खानदेशाच्या अंगानं धूळ उठली, मेंढरांचा आवाज आला, आन् मी कुत्र्यांच्या भुंकण्यावरूनच वळखलं, आपला वाडा. नाक्याम्होरं आमी चर खणलाय, त्यात औषधाचं पाणी भरतो, मेंढरं त्यातून पाय बुडवून पुढं जातात. मी उभा राहिलो बिल्ला लावून. तर आत्या लांबूनच ओरडली,

"मल्हाऱ्या, लग्नातल्या सासऱ्यावानी काय उभा राहिला? पाणी पाज आधी."

मी पाणी दिलं. मंग एकेक घोडं उतरवलं. लोकरीचं पोतं शिक्क्याचं व्हतं. बाकी ज्वारी, भांडी, एका झोळीत दोन कोकरं. सगळं बरोबर. मी म्हणलं जावा. आन् तेवढ्यात माझी नजर मामाच्या पायावर गेली.

मामाच्या पायात वहाणा नव्हत्या.

आता तुमी म्हणाल मंग काय झालं. अरे, सोनाजीमामा असा माणूस, झोपताना वहाणा उशाला घेतो, कुणी न्यायला नको म्हणून. तो त्या तापलेल्या फुफाट्यात अनवाणी. आन् डोक्यावर एक गठुडं, नव्या घोंगडीत गुंडाळलेलं. घोडी रिकामी उभी असताना गठुडं डोक्यावर. बाकी सगळे लिंबाखाली टेकले, मामा टेकंना, गठुडं खाली ठेवंना. आमच्यातला माणूस असंच एकाच वख्ताला करतो. देवाच्या मेंढ्याचं कातडं नेताना. ते घोड्यावर घालायचं नाय, भुईला टेकवायचं नाय, नेणाऱ्यानं वहाण घालायची नाय. दुसरा शिपाई असता तर त्याला वाटलं असतं म्हातारा सावलीला येत नाय, डोकं फिरलं असंल.

मी म्हणलं, "मामा, डोक्यावर काय हाय?"

"देव हाय."

"देवावर शिक्का हाय का खानदेशच्या डॉक्टरचा?"

तर मामा सगळ्या वाड्याकडं वळून म्हणला, "ऐका. निजामाच्या कारोडगिरीवाल्यानं आमची चिलीम बी झाडून बघितली, पण देव कधी अडवला नाय. आता म्हणं आपलं राज्य आलं."

सगळे हसले. मी बी हसलो, काय करतो. पण बाजूला झालो नाय. मी म्हणलं मामा, कातडं हाय, शिक्का नाय, साहेब येईस्तोवर ठेवावं लागंल. मामा म्हणला, साहेब कवा येणार? मी म्हणलं, ठावं नाय, उद्या बी येतील. झालं. आज सांजच्याला कातडं भिजवून ताणलं नाय तर उद्या ढोल उघडा. हे मला बी ठावं, त्यांना बी ठावं. सगळा वाडा उठून उभा राहिला. आन् मंग आत्या पुढं आली, अगदी नाकाला नाक लावून.

"तुला मी मेंढीचं दूध बोळ्यानं पाजलं," म्हणली, "आन् तू मला कायदा पाजतो व्हय रे?"

सांडू, हसू नको. कुणी नव्हतं बघायला. साहेब नाय, जमादार नाय. नुसतं तोंड फिरवलं असतं तर झालं असतं, मान बी राहिला असता आन् आत्यानं माझ्या तोंडावरून हात फिरवला असता. फिरवणारच व्हतो तोंड, खरं सांगतो. पण मला तो मेंढा आठवला. दिवाळीच्या आधी मी वाड्यावर गेलतो तवा त्या मेंढ्यानं मला अशी धडक दिली की मी बाभळीत जाऊन पडलो. तरणा, गच्च मेंढा. तो दीड महिन्यात कसा मेला?

मी इचारलं, "आत्या, मेंढा कशानं मेला?"

मामा बोलला. "म्हातारा व्हता. झोपेत गेला."

लई पटकन बोलला मामा. आन् आत्या खाली बघाय लागली. माझी आत्या, जी तहसीलदारासमोर खाली बघत नाय.

मंग मला एकच सुचलं, आन् ते करायचं नसतं. मी म्हणलं, "आत्या, कमरेला भंडाऱ्याची पिशवी हाय ना. भंडारा उचल आन् सांग."

फकिरा, तुला कळतंय ना मी काय म्हणलो ते? आमच्यात भंडारा हातात घेऊन खोटं बोललं तर वंश बुडतो. आन् आपल्यापेक्षा मोठ्याला भंडारा उचल म्हणणं म्हंजी त्याच्या तोंडात मारल्यावानी. मामानं एका हातानं गठुडं धरलं आन् दुसऱ्या हातानं काठी उगारली. मी डोळे मिटले, म्हणलं बसंल ती बसंल.

"थांबा," आत्या म्हणली. "पोराला मारू नका. बरोबर बोलला तो."

तिनं पिशवी सोडली. हळद तळहातावर घेतली. आन् वाड्याकडं नाय, मामाकडं नाय, सरळ माझ्याकडं बघत बोलली, कोर्टात बोलतात ना, तसं.

"सकाळी चरत व्हता. कायबी झालं नव्हतं. दोन पार व्हायच्या आत थरथरला आन् पडला. पोट टम्म फुगलं. नाकातून रगत आलं, काळं, डांबरावानी. ते गोठलंच नाय. दुसऱ्या दिवशी दोन मेंढ्या तशाच गेल्या, त्या आमी लांब नेऊन पुरल्या."

"आन् ह्याला का सोललं?"

"अरे, देवाच्या मेंढ्याला कधी रोग लागतो का?" ती म्हणली. "आमाला वाटलं देवानं बोलावला. दुसरा कोणता मेंढा असता तर मी सुरी लावू दिली नसती, मला काय कळत नाय का? हा देवाचा म्हणून सोलला."

बघा, म्हंजी कळत व्हतं. काळं रगत आलेलं जनावर सोलायचं नाय हे आमच्यातल्या शेंबड्या पोराला बी ठावं असतं. फाशी म्हणतात त्या रोगाला. पण मेंढा देवाचा पडला ना, तिथं सगळ्यांची अक्कल हात जोडून बसली. माझी बी बसली असती, मी वाड्यावर असतो तर.

मला वाटलं झालं, संपलं. तर आत्या मामाकडं गेली आन् त्याच्या सदऱ्याची बाही वर केली. मामा मागं सरला, "बाने, नको," म्हणला. तिनं ऐकलं नाय.

"हे बी बघ," म्हणली. "सोलताना सुरी लागलती. चार दिस झाले."

मनगटाच्या वर एक फोड. मधी काळी खपली, जळक्या लाकडावानी, आन् भोवती हात सुजून लाकूड झालेला. मी इचारलं, मामा, दुखतंय? मामा म्हणला, अजिबात नाय, म्हणून तर मी सांगत व्हतो काय नाय झालं. आन् साहेबांनी माझ्याकडून घोकून घेतलंतं, जो फोड दुखत नाय आन् मधी काळा हाय तिथं पळ. काळपुळी. तोच रोग, माणसाला झालेला.

आन् मंग मला दिसलं, सांजच्याला काय झालं असतं ते. ढोल चढवताना वाड्याची सगळी पोरं कातडं ओलं करून हातानं ताणतात, वादी दातात धरतात. आत्याची दोन्ही नातवंडं त्यात.

आत्यानं इचारलं, "खड्डा कुठं हाय तुमचा?"

नाक्यामागं चुन्याचा खोल खड्डा हाय, धरलेला माल पुरायला. मामा रडाय लागला. म्हणला, बाने, देवाचं कातडं भुईला टेकत नाय, आन् तू खड्ड्यात घालती? मान गेला, घर गेलं, धुळाजी तोंडावर थुंकंल. तर आत्या म्हणली, "मालक, देवाला कातडं पाहिजे असतं तर त्यानं तुमच्या हातावर अशी खूण केली नसती. आणा इकडं."

मी मधी पडलो, म्हणलं आत्या, तू हात लावायचा नाय. दोन्ही हाताला गोणपाट गुंडाळलं आन् मी घेतलं मामाच्या डोक्यावरून. घोंगडी आत्यानं सोता इणली व्हती, सगळा पावसाळा लागला तिला, पांढरी-काळी किनार. मी म्हणलं घोंगडी बी जाणार. ती म्हणली जाऊ दे. भुईला टेकू दिलं नाय मी, दोरानं हळू सोडलं खाली चुन्यावर. आत्यानं तळहातावरचा भंडारा त्याच्यावर उधळला आन् म्हणली, बिरोबाच्या नावानं चांगभलं. सगळा वाडा म्हणला. चांगभलं म्हणत म्हणत मी वरून चुना ओढला.

दिवस कलता कलता साहेबांची जीप आली. त्यांनी मामाचा हात बघितला, मामाला उचलून जीपमधी घातलं आन् सरळ औरंगाबाद. इथल्या डॉक्टरनं सांगितलं, आणखी दोन दिवस गेले असते तर हात नाय, माणूसच गेला असता. सुयांवर सुया दिल्या. मामा म्हणतो, मेंढरं सुईला का भितात ते मला आता कळलं.

पण थांब, डबा थंड होऊ दे, जत्रेचं सांगतो. कारण खरं ते तिथं झालं.

आत्या म्हणली, मी जाणार. मी म्हणलं आत्या, कशाला, लोक हसतील, मामा बी नाय. ती म्हणली, "मान घ्यायला आपुन हजर राहतो, मंग द्यायला बी हजर राहायला पाहिजे." साहेब जीप काढताना मला सुट्टी देऊन गेलते, आन् जत्रेच्या दुसऱ्या दिवशी टोचायला माळावर येतो म्हणलते, मंग मी तिच्यासंगं घाट चढलो. घोड्यावर उघडा ढोल, नुसतं लाकडाचं खोड. वाटभर लोक वळून वळून बघत व्हते.

माळावर सगळे वाडे जमलते. भगत मधी उभा. आत्यानं तो उघडा ढोल नेऊन देवाम्होरं ठेवला. आन् धुळाजी मिशीवरून हात फिरवत पुढं आला.

"बानाबाई," म्हणला, "ढोल नागवाच आणला? का कातडं सरकारनं धरलं? घरचा भाचा नाक्यावर बसवून बी?"

लोक हसले. मी पुढं व्हायला लागलो तर आत्यानं मला मागं सारलं.

"सरकारनं नाय धरलं," म्हणली, "मी पुरलं. फाशीनं मेलेला मेंढा व्हता. देवाचा म्हणून आमी सोलला, आन् माझा मालक दवाखान्यात हाय. ते कातडं वर आलं असतं तर आज हितं वाजलं असतं. धुळाजी, तुझ्या पोरांनी बी हात लावला असता ढोलाला पाया पडताना. लावतात का नाय दरसाल?"

धुळाजीनं मिशीवरचा हात काढला.

आत्या थांबली नाय. सगळ्या माळाला ऐकू जाईल असं म्हणली, "आपुन सगळे खानदेशात त्याच बांधांवर चरून आलो. कुणाचं जनावर अचानक पडलं असंल, काळं रगत आलं असंल, तर आता बोला. सागुती वाळवली असंल, कातडं गुंडाळलं असंल, तर आता काढा. मी भंडारा उचलून बोलले, मला काय झालं नाय. उद्या सलोत्री माळावर येतोय. ज्याला मेंढरं जगवायची त्यानं टोचून घ्यावं."

आता तुमाला सांगतो, आमची माणसं सलोत्री दिसला की मेंढरं ओढ्यात लपवतात. सुई टोचली की मेंढी गाभ टाकती म्हणतात. पण पहिला बोलला तो कोण असंल? धुळाजी. मान खाली घालून म्हणला, "बाई, माझी बी एक शेळी तशीच गेली. कातडं घोड्यावर हाय."

तो बोलला आन् मंग धरण फुटल्यावानी झालं. तिकडून एक म्हातारी म्हणली आमची मेंढी, इकडून एक म्हणला आमचं कोकरू. मी बिल्ला लावून, हाताला गोणपाट गुंडाळून हिंडत व्हतो, हात लावू नका, हात लावू नका म्हणत, आन् सगळे म्हातारे-म्हातारे मला, मल्हाऱ्याला, इचारत व्हते, मंग ठेवायचं कुठं, जाळायचं का पुरायचं. आत्या तिथनं बघत व्हती. मी बी तिच्याकडं बघत व्हतो, एकेक कातडं खड्ड्यात टाकून चुना ओढता ओढता.

मंग भगत म्हणला, बाई, रीत ती रीत. ढोल उघडा हाय.

आत्या म्हणली, "मी कुठं नाय म्हणते?"

तिनं कमरेचं टिपरू काढलं. आजेसासऱ्याच्या हातातलं, धरून धरून गुळगुळीत झालेलं. कपाळाला लावलं आन् धुळाजीच्या हातात दिलं. धुळाजीनं ते घेतलं खरं, पण हात ढोलावर जाईना. तीन पिढ्या ज्याची वाट बघितली ते हातात, आन् हा आपला उभा. म्हणला, "बाई, मान असा नको व्हता मला."

"असाच हाय तो," आत्या म्हणली. "वाजव. माझ्या घरचं टिपरू हाय, जोरात वाजव, नाय तर परत घेईन."

पडलं टिपरू. धुळाजीच्या ढोलावर. सगळा माळ दणाणला, आन् गजीच्या, म्हंजी आमच्या नाचाच्या, रिंगणात पहिलं पाऊल कोण टाकणार म्हणून सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत व्हते, कारण मानकरी तर बदलला, आता पुढं कोण व्हायचं? तर आत्यानं पदर खोचला, ह्या वयात, आन् ती एकटी उतरली रिंगणात. तिच्यामागं धुळाजीची सून. तिच्यामागं सगळे वाडे.

मी हाताचं गोणपाट सोडलं, चुन्याच्या पाण्यानं हात धुतले, आन् बिल्ला छातीवर तसाच ठेवून तिच्या मागं नाचलो.